गाडी ‘रडते’ म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका; आधी पट्टा काढून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २००८ ची वॅगनआर, पेट्रोल, १.१ लिटरचं इंजिन, ८२ हजार किलोमीटर. गाडी देवरुखजवळच्या घरी असते. मे अखेरीस पडवीच्या कडेला उभी केली ती गणपतीलाच बाहेर काढली. तेव्हापासून चालू केल्या केल्या बोनेटमधून ‘घूंऽऽ’ असा, तुमच्या शब्दांत ‘रडल्यासारखा’ आवाज येतो. रेस दिली की चढतो, सोडली की उतरतो. रात्री हेडलाइट लावले की जरा वाढल्यासारखा वाटतो. एका मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय, दुसरे म्हणतात टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ साधणारा, झाकणाआडचा पट्टा). कोणाचं ऐकू?

सध्या कोणाचंच नको. दोघे चुकलेत असं म्हणत नाही. पण दोघांनी कानाने निदान केलंय, आणि बोनेटमधला घूं नुसता ऐकून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना बोल्टांनी जखडलेली सगळी बिऱ्हाडं मिळून धातूचा एकच ठोकळा होतो. या टोकाचा आवाज त्या टोकाला तितकाच मोठा लागतो. म्हणून आवाज कुठून येतो हे विचारायच्या आधी तो कशाच्या मागे धावतो ते शोधायचं. इंजिनच्या फेऱ्यांच्या मागे, चाकांच्या मागे, क्लचवरच्या पायाच्या मागे, की विजेच्या बोज्याच्या मागे? एवढं कळलं की दहा संशयितांतले सात घरी जातात, आणि त्यासाठी पानाही लागत नाही.

पहिली परीक्षा उभ्या गाडीवर. न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद, टेपही बंद. टेप बंद करायला मुद्दाम सांगतोय, कारण काही वेळा हा घूं बोनेटमधला नसतोच, स्पीकरमधून येत असतो. तेव्हा दोष अल्टरनेटरच्या (बाहेरच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागात) किंवा अर्थिंगमध्ये शोधायचा. आता हळूहळू रेस द्या. गाडी उभी असतानाच आवाज येतो आणि रेसबरोबर चढतो म्हटल्यावर चाकांची बेअरिंगं, टायर, डिफरन्शिअल हे सगळे सुटले, कारण ते फिरतच नाहीयेत. तुमच्या वर्णनावरून तुमचं इथंच बसतं.

ज्यांचा आवाज फक्त चालत्या गाडीत येतो त्यांच्यासाठी एक ओळ: साधारण ५० च्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर डावी-उजवीकडे हलकी झोकांडी द्या. डावीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण बोजा त्या बाजूला जातो. बाकी उत्तर त्यांच्या कामाचं नाही.

दुसरी परीक्षा क्लचची, आणि गिअरबॉक्स उतरवायचा की नाही हे हीच ठरवते. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. या स्थितीत गाडी उभी असली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरकी आत नेणारा दांडा, इंजिनबरोबर फिरतच असतो. आता क्लच तळापर्यंत दाबा आणि पाचेक सेकंद तसाच धरा. शाफ्ट इंजिनपासून सुटतो आणि दोन-तीन सेकंदांत थांबतो. आवाज त्याच्याबरोबर विरत गेला तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे, मिस्त्री बरोबर. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. आणि दाबून, सोडून, परत दाबून काहीच फरक पडत नसेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण उरत नाही. क्लच दाबला की इंजिनवरचा भार किंचित बदलतो आणि फेरे पन्नासेक इकडेतिकडे होतात. त्याने सूर थोडा हलला तर त्याला ‘फरक’ समजू नका. आवाज बंद होतो का, एवढंच बघायचं. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, ऑइल सांडायचं, सील बदलायचे. पाच सेकंद क्लच दाबून बघायच्या आधी त्या खर्चाला हो म्हणू नका.

तिसरी परीक्षा विजेच्या बोज्याची. इंजिन न्यूट्रलमध्ये सोडून हेडलाइट अप्परला टाका, ब्लोअर पूर्ण करा, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही. अल्टरनेटर आता जास्त वीज देतो, म्हणजे त्याला फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. पट्ट्यावर ताण येतो, बेअरिंगवर दाब येतो. आवाज जाड झाला, त्याचा सूर खाली उतरला, नाहीतर नव्याने गुणगुण सुरू झाली, तर बोट अल्टरनेटरकडे वळतं. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेडलाइटचं वाक्य. ते तुम्ही सहज लिहिलंत, पण त्यावरूनच मी पट्ट्याच्या बाजूने विचार करतोय.

आणखी एक गैरसमज इथंच काढतो. वळताना आवाज वाढला की लोक पॉवर स्टिअरिंगचा पंप म्हणतात. तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग असलंच तर ते इलेक्ट्रिक आहे. तिथे पंपही नाही, ऑइलची बाटलीही नाही. पण इलेक्ट्रिक मोटर अल्टरनेटरकडून वीज ओढते, म्हणून उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवल्यावर आवाज वाढला तर तोही विजेच्या बोज्याचाच पुरावा धरा. जुनी सँट्रो, इंडिका, बोलेरो असल्या हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांत मात्र आधी बाटली बघायची. ऑइल कमी असेल किंवा वर फेस दिसत असेल तर पंप हवा खातोय. टोकापर्यंत वळवल्यावर त्याचा आवाज चांगलाच चढतो. अशा गाडीत स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये.

एवढं झालं की मगच पाना. पट्टा काढून बघणं हे या सगळ्यातलं निर्णायक काम. तुमच्या इंजिनात पुढच्या पट्ट्यावर वॉटर पंप आणि अल्टरनेटर दोघे फिरतात. एसीचा पट्टा वेगळा असतो. म्हणजे एक पट्टा उतरवला की दोन संशयित एकदम गप्प होतात.

इंजिन थंड हवं, सकाळी पहिल्यांदा. चावी काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत चावी बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा बोटं त्या बाजूला नकोत. लुंगी, पंचा, गळ्यात लोंबणारं उपरणं, हातातलं कडं, काही नको. अल्टरनेटरचा वरचा, खाचेतला बोल्ट सैल करा, खालचा ज्यावर तो झुलतो तोही थोडा सैल करा, अल्टरनेटर इंजिनकडे ढकला, पट्टा उतरतो. पुढे आलेला एसीचा पट्टा आडवा येत असेल तर तो आधी. उतरवण्यापूर्वी खडूने पट्ट्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवा. परत तोच चढवायचा झाला तर उलटा चढवू नये.

आता इंजिन चालू करा, फक्त मिनिटभर. वॉटर पंप फिरत नाही, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) जागचं हलत नाही. थंड इंजिनाला मिनिटभर काही होत नाही, पण रेस देत बसू नका. बॅटरीचा लाल दिवा लागेल, तो लागायलाच हवा. ज्यांची जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. पट्टा नसताना ब्रेक दगडासारखे होतात. ही चाचणी करताना गाडी जागची हलवू नये, उतारावर तर मुळीच नाही.

आवाज गेला? मग गिअरबॉक्सही नाही आणि टायमिंग बेल्टही नाही. दोन्ही अजून फिरतायत, फक्त हा पट्टा थांबलाय. आवाज तसाच आहे? मग पुढे टायमिंगच्या बाजूला जाऊ, ते खाली लिहिलंय.

आवाज गेला असेल तर इंजिन बंद करून दोन्ही पुल्या हाताने फिरवा. इथं कानापेक्षा बोटं जास्त सांगतात. अल्टरनेटरची पुली तीन बोटांनी हळू फिरवा. कार्बन ब्रशचा किंचित अडसर लागतो, तो ठीक. पण आत वाळू असल्यासारखं खरखरलं, किंवा ठरावीक अंतरावर टप-टप खाचेत बसल्यासारखं झालं, तर बेअरिंग गेलं. मग पुली वर-खाली हलवून बघा. हलली नाही पाहिजे. वॉटर पंपाची पुलीही तशीच. तिथे आणखी एक खूण असते: पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गळायला लागलं की कूलंट तिथून बाहेर यावं म्हणून ठेवलेलं. त्याच्याखाली हिरवट, गुलाबी किंवा पांढरट वाळलेला ओघळ दिसला तर पंप बदलायचा, मग आवाज करो वा न करो. कारण सीलमधून गळलेलं कूलंट शेजारच्या बेअरिंगचं ग्रीस धुऊन नेतं, आणि एक दिवस कुंभार्लीच्या चढावर पंप जागीच जाम होतो.

दोघांच्या आवाजातही फरक असतो. अल्टरनेटरची पुली क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीपेक्षा बरीच लहान. इंजिनाचा एक फेरा झाला की अल्टरनेटरचे दोनाहून जास्त होतात. त्यामुळे त्याचा सूर चढा, डासासारखा बारीक. वॉटर पंपाचा त्यापेक्षा खालचा, घरघरीकडे झुकणारा. पण सुरावरून फार खात्रीने बोलू नये. बोटांनी फिरवलेल्या पुलीवर माझा जास्त विश्वास.

दोन्ही पुल्या मऊ फिरतात आणि तरी पट्टा चढवल्यावर आवाज येतो, असंही होतं. तेव्हा मल्टीमीटर काढा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवते. चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास हवेत. मग तोच मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर फिरवून बॅटरीच्या टर्मिनलांवर धरा, लाइट लावून. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेलाय. डायोड गेला की उरलेल्यांवर बोजा पडतो, चुंबकाची ओढ असमान होते आणि अल्टरनेटर विजेने घुमतो. बेअरिंग नवं टाकूनही तो आवाज जात नाही. पक्कं करायचं तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा छोटा कपलर काढा आणि अर्धं मिनिट चालू करा. आवाज गेला तर विजेचा, राहिला तर बेअरिंगचा. मात्र इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चार्ज करतो का’ बघायची जी जुनी पद्धत आहे, ती करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जातो. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं.

आता मला अल्टरनेटरवर इतका संशय का, ते सांगतो. ८२ हजार किलोमीटर हे या बेअरिंगाचं मरणाचं वय नव्हे. आपल्याकडे बेअरिंगं किलोमीटरने कमी आणि उभं राहून जास्त मरतात. गाडी तीन-साडेतीन महिने पावसात उभी. हवेत खार, वरून पागोळीचे शिंतोडे, खालून अंगणातली ओल. बेअरिंगमधले गोळे एका जागी थांबलेले. गोळा आणि चाकोरी जिथे टेकतात तिथून ग्रीस दबून बाजूला झालेलं असतं, आणि नेमकं तिथेच ओल शिरून बारीक गंज धरतो. गोळ्यांमध्ये जितकं अंतर तितक्या अंतरावर एकेक डाग. गणपतीला गाडी चालू झाली की प्रत्येक गोळा प्रत्येक डागावरून जातो, सेकंदाला शेकडो वेळा. तोच तुमचा ‘घूं’. काढलेलं बेअरिंग सील उचकटून बघितलंत तर ग्रीस मधासारखं नसून कॉफीच्या गाळासारखं तांबूस-काळं दिसेल, आणि चाकोरीवर नखाला जेमतेम लागतील असे करडे ठिपके.

त्यात भर दोन गोष्टींची. जांभ्याची धूळ मैद्यासारखी बारीक असते. चिऱ्याच्या खाणीकडच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या प्रत्येक पुलीत ती बसलेली असते. आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप. धुळीने माखलेली गाडी बघून पोरगा बोनेट उघडतो आणि गरम अल्टरनेटरवर थेट धार धरतो. बेअरिंगचं सील उडणारं पाणी अडवायला असतं, एवढ्या दाबाच्या धारेसाठी नसतं. गाडी धुतल्यापासून आवाज सुरू झाला असं कोणी सांगितलं की निम्मं निदान तिथंच होतं. तुम्ही गणपतीला गाडी बाहेर काढल्यावर आधी धुवायला पाठवली होती का, हे आठवून बघा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने जाणं-येणं असेल तर खाऱ्या पाण्याचे शिंतोडेही धरा, पण ते जास्त करून ब्रेकला आणि खालच्या पत्र्याला लागतात.

सेकंडहँड घेतलेली गाडी असेल तर आणखी एक शंका ठेवावी. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊनपुसून परत विकल्या गेल्या. अशा गाडीत एकच बेअरिंग जात नाही. सहा-आठ महिन्यांच्या अंतराने एकेक जात राहतं. सीटच्या रुळांवरचा गंज आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यातला गाळ बघितला की कळतं.

दुरुस्तीकडे वळू. दोषी अल्टरनेटर निघाला तर आख्खा नवा घ्यायची घाई करू नका. व्होल्टेज नीट असेल तर नुसती बेअरिंगं बदलून वर्षानुवर्षं चालतो. पुढे एक आणि मागे एक, दोन वेगवेगळ्या मापांची असतात. आवाज एकाचाच असला तरी दोन्ही बदलायची, कारण उघडण्याची मजुरी तीच. दोन्ही मिळून चांगल्या कंपनीची साधारण हजाराच्या आत बसतात. नंबर जुन्यावर कोरलेला असतो, ६२०३, ६३०३ असा. दोघांचंही भोक १७ मिलिमीटरचं, पण ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० आणि ६३०३ चा ४७, म्हणून अंदाजाने आणू नये. जुनं काढून हातात घेऊनच दुकानात जावं. नंबरापुढे ‘२आरएस’ लिहिलेलं म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील; ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणं. आपल्या हवेत रबरी सीलच घ्या. पत्र्याच्या झाकणाला कडेने फट असते आणि आपली ओल नेमकी ती फट शोधते. ‘सी३’ (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं बेअरिंग) असं जुन्यावर असेल तर नव्यावरही हवं. अल्टरनेटर गरम होतो, फुगायला आत जागा लागते. एसकेएफ, एनबीसी, एफएजी यांतलं कुठलंही चालेल, पण डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे. खोक्यापेक्षा कोरीव नंबर बघा: पुसट, वाकडातिकडा किंवा नखाने निघणारा छापा असेल तर परत करा.

बसवताना जी चूक होते ती एकच, आणि तिच्यामुळे नवं बेअरिंग महिन्यात बोंबलतं. शाफ्टवर चढवताना जोर आतल्या कड्यावरच यायला हवा, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर. हातोडी भलत्या कड्यावर पडली की तो घाव गोळ्यांतून चाकोरीत उतरतो आणि गंजाने जे तीन महिन्यांत केलं ते हातोडी एका घावात करते. योग्य मापाचा पाइपचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगचं कडं मध्ये ठेवून प्रेसवर बसवायचं. वायरमनकडे अल्टरनेटर देताना एवढं सांगितलंत तर तो रागावेल, पण सांगा. उघडलाच आहे तर कार्बन ब्रशही बघायला सांगा; पाचेक मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदलून टाका. अल्टरनेटर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. त्याच्या जाड वायरीत करंट थेट बॅटरीतून असतो, पाना बॉडीला लागला तर ठिणगीच उडते.

दोषी वॉटर पंप निघाला तर मात्र पंपच बदला. त्याचं बेअरिंग बदलून देणारे आहेत, पण सील आणि इंपेलर (कूलंट ढकलणारं पातं) जुनेच राहतात. तेवढ्या बचतीत मला अर्थ वाटत नाही. नवा बसवताना जुन्या गॅस्केटचा कण न् कण खरवडून काढायचा, आणि साधं विहिरीचं पाणी न भरता कूलंट भरायचं. आपल्या विहिरींचं पाणी गोड लागतं, पण अॅल्युमिनियमला ते गोड नसतं.

आता पट्टा काढूनही आवाज राहिला असेल तर. एसीचा पट्टा अजून चढलेला असेल तर आधी तो काढून हीच चाचणी करा. एसी बंद असला तरी कंप्रेसरची पुली फिरतच असते, आणि त्या पट्ट्याला स्वतःची छोटी टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी) पुली असते. तिचं बेअरिंग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित गुन्हेगार. तेही नसेल तर तुमच्या दुसऱ्या मिस्त्रींचं म्हणणं तपासायचं. टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर तो बहुधा जास्त ताणून बसवलाय. या इंजिनात टेन्शनर हाताने रेटायचा नसतो. स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं, क्रँक पान्याने सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि मग बोल्ट आवळायचा. बरेच जण फेरे फिरवतच नाहीत. बेल्ट कधीच बदलला नसेल, तर आवाजाचं कारण काहीही निघो, तो बदलाच. १७-१८ वर्षांचं रबर आहे ते; किलोमीटर कमी म्हणून वय कमी होत नाही. टेन्शनरही सोबत नवा टाका.

राहिलेले किरकोळ. शिट्टी असेल, घूं नसेल, आणि रेस दिल्यावर ती कमी होत असेल तर ती हवेची गळती: थ्रॉटलजवळची गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप किंवा उंदराने कुरतडलेला एखादा रबरी नळ. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बोनेटमध्ये उंदीर पिंजर आणून संसार मांडतात, हे तुम्हाला सांगायला नको. ऑइलचं झाकण उघडल्यावर शिट्टी थांबली तर क्रँककेसच्या हवेचा मार्ग तपासा. ‘चीं’ असा सकाळी दोन मिनिटं आणि पहिल्या रेसला येत असेल तर पट्टा घसरतोय. त्याला साबण लावू नका, स्प्रेही मारू नका, पुलीच्या खाचेतला गंज बारीक पॉलिश पेपरने काढा आणि ताण नीट करा. मागच्या सीटखालून, चावी लावल्यावर इंजिन चालू होण्याआधीच गुणगुण येत असेल तर पेट्रोलचा पंप. दोन-तीन सेकंद येणारी बारीक गुणगुण सगळ्यांत असते. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांचा पंप लवकर ओरडतो, कारण पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

आणि क्लचची परीक्षा खरोखरच गिअरबॉक्सकडे बोट दाखवत असेल, तरी उतरवायच्या आधी ऑइल बघा. सपाट जागी, आधी ऑइल भरायचा प्लग उघडायचा, मगच खालचा, ऑइल काढायचा. भरायचा प्लग गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी खालचा उघडलात तर गाडी तिथेच अडकली. ऑइल प्लगच्या काठाला लागलेलं हवं. कमी असेल तर भरून दोन दिवस चालवून बघा. ताकासारखं पांढरट निघालं तर गिअरबॉक्सच्या श्वासाच्या नळीतून पाणी शिरलंय, बहुधा कुठल्या तरी भरलेल्या साकवावरून गाडी घातली तेव्हा.

तुमच्या बाबतीत करण्याचा क्रम म्हणजे: उद्या सकाळी थंड इंजिनवर क्लच, मग लाइट, मग पट्टा. तासाभराचं काम. हे होईपर्यंत गाडी गावात चालवायला हरकत नाही, पण कूलंट रोज बघा आणि बॅटरीचा दिवा लागला तर थांबा. मुंबईला नेण्याचा बेत मात्र पुढे ढकला. वॉटर पंप किंवा अल्टरनेटर रस्त्यात जाम झाला तर पट्टा तुटतो, आणि मग चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम जातात. कशेडीच्या आसपास रात्री ते परवडणारं नाही.

पट्टा परत चढवताना, दोन पुल्यांच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने साधारण १० किलोच्या जोराने दाबल्यावर तो ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. सैल राहिला तर चीं करतो, आणि जास्त ताणला तर आत्ताच बसवलेली बेअरिंगं खातो. नवा पट्टा असेल तर तो सुरुवातीला थोडा लांबतो, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण एकदा परत बघायचा. एक पाना आणि दहा मिनिटं लागतात.